दारिद्र्याची तालीम

"दारिद्र्य ही साधना आहे," असं बुवा डोळे मिटून म्हणत, आणि मग खाली वाकून फ्रिजचा प्लग काढत.

हा क्रम ठरलेला होता. आधी वाक्य, मग प्लग. प्लग निघाला की दोघं जण फ्रिज उचलून समोरच्या घरात नेऊन ठेवत. बुवांच्या दारासमोरचं हे घर आमचं. टीव्ही, मिक्सर आणि कुणाकडे असलाच तर पाण्याचा फिल्टरही त्याच वाटेने येई. कारण साधं होतं. योजनेच्या चौकशीला आलेल्या माणसाला अर्जदाराच्या घरात ते दिसायला नको. आमचं रेशन कार्ड पांढरं. आमच्याकडे कितीही फ्रिज सापडले तरी सरकारला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

"पांढरे, दार उघडा. पाहुणा आणलाय," बुवा बाहेरून हाक मारत. त्यांनी मला कधी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. आमची पांढऱ्यांची एक जात आहे, असं त्यांचं मत होतं. सरकारकडून काही मिळत नाही आणि तरी सरकारवर विश्वास ठेवतात, ती.

तुमच्याही वस्तीत असा एखादा माणूस असेल. कुठल्या योजनेत कोण बसतं, कोण बसत नाही आणि कोणाला थोडं दाबून बसवता येईल, हे ज्याला विचारायला लोक येतात. आमचे बुवा तसे. भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून आमची चार मजल्यांची इमारत आहे. तिच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी, त्यांनी एक टेबल टाकलं होतं. त्या टेबलाचं रीतसर उद्घाटन झालं होतं. फीत होती, कात्री होती, आणि पुढल्या निवडणुकीत उभा राहण्याची इच्छा असलेला एक माणूस होता. त्याने "तळागाळातला शेवटचा माणूस" या विषयावर भाषण केलं. भाषण चालू असताना पंप सुरू झाला, त्यामुळे शेवटच्या माणसाचं पुढे काय झालं ते कुणाला ऐकू आलं नाही.

बुवा मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईत एका खासगी कंपनीत पॅकिंग खात्यात नोकरी केली, कंपनी बंद पडली, पेन्शन वगैरे काही नव्हतं. पण त्यांची खरी कमाई गावाकडची. शिमग्यात गावोगाव फिरून सोंगं आणणाऱ्या नमनाच्या खेळ्यांत ते बुवा म्हणून उभे राहत. म्हणून सगळ्यांचे बुवा. सोंग कसं आणायचं, कधी थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. पुढे हीच विद्या त्यांनी सरकारी योजनांना जोडली.

त्यांचं म्हणणं असं की अर्ज कोणीही भरतो, अडतं ते चौकशीला. चौकशीला माणूस घरी येतो आणि चार प्रश्न विचारतो. गरीब माणूस नेमका तिथे घोटाळा करतो, कारण त्याला अब्रू असते. पाहुणा आला की तो म्हणतो, "देवाच्या कृपेने बरं चाललंय." संपलं. देवाची कृपा कुठल्याच योजनेच्या निकषात बसत नाही.

म्हणून तालीम. "साहेब विचारतील, घर कसं चालतं? काय सांगशील?"

"चालतंय कसंतरी."

"कसंतरी म्हणजे चालतंय. बस खाली. परत."

उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता. आकडा असा हवा की एवढ्यात हे लोक जगतात कसे, असा प्रश्न पडावा; आणि माणूस समोर असा बसलेला हवा की तो प्रश्न विचारायचा साहेबाला धीर होऊ नये.

लबाडी म्हणाल, तर होती. पण ज्यांचा फ्रिज आमच्याकडे यायचा, त्यांच्या फ्रिजमध्ये काय असायचं ते मी पाहिलंय. पाण्याच्या बाटल्या, अर्धं लिंबू आणि डब्यात कालचा भात. कुणा शेटाणीने नवीन घेतला म्हणून जुना कामवालीला दिलेला असायचा. तेवढ्यासाठी तिचं धान्य जावं, हे बुवांना पटत नसे. मोबदला म्हणून ते नारळ घेत, खेळ्यांत घेतात तसा. माझी बायको म्हणायची, आपल्या घरी लक्ष्मी येते ती दुसऱ्यांच्या चौकशीपुरती, आणि तीही थंड.

बुवांचा एक नियम मात्र कडक होता. तालीम घरात करायची नाही. जिन्याखाली करा, खारीच्या विहिरीपाशी करा, रिक्षात करा, पण उंबऱ्याच्या आत नाही.

"घरात अभद्र बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते."

"मग चौकशी घरातच होते, त्याचं काय?" मी एकदा विचारलं.

"तेव्हा एकदाच बोलायचं. एकदा बोललेलं वास्तू मोजत नाही. घोकलेलं ऐकते." वास्तुपुरुषाचे नियमही त्यांना पाठ होते. तिथेही पळवाट होतीच.

हा नियम पहिल्यांदा मोडला तो दुसऱ्या मजल्यावरच्या एका जोडप्याने. तो स्टीलच्या गाळ्यात भांड्यांना पॉलिश मारायचा. त्याला काय सांगायचं ते बुवांनी शिकवलं होतं: "दम लागतो साहेब, काम होत नाही." बायकोने ते स्वयंपाकघरात रोज घोकून घेतलं. तो मिश्कील माणूस. खोकून दाखवायचा, पोरं हसायची. धान्य सुरू झालं, आणि त्या हिवाळ्यात त्याला खरोखर दम लागायला लागला. पुढे तो जिनाही चढेना.

पॉलिशच्या धुळीत खोकला व्हायला वास्तुपुरुषाची गरज नसते, हे मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. त्यानंतर मात्र लोक जिन्याखालून जाताना बुवांच्या टेबलाकडे न बघता जाऊ लागले. मग आणखी एकाचं खरं झालं. "काम सुटलंय" म्हणायला शिकलेल्याचं काम सुटलं. गरिबाच्या घरात वाईट गोष्ट खरी व्हायला कुणी तथास्तु म्हणावं लागत नाही, नुसता थोडा वेळ जावा लागतो. पण हे वाक्य मला सुचलं तेव्हा ऐकायला जिन्यात कुणी नव्हतं.

सगळ्यात जास्त घाबरल्या त्या बुवांच्या बायको. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. बारीक, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. म्हणजे जमतच नव्हतं. शेजारणीने विचारलं, माझी नवी साडी कशी आहे, तर त्या "साडी आहे" म्हणायच्या.

"भावोजी, ह्यांना सांगा तुम्ही," त्या मला म्हणाल्या. "लोकांच्या तोंडून नको ते वदवतात. एक दिवस फिरून आपल्याच दारात येईल."

"काय येईल?"

"ते मी कशाला बोलू? उंबऱ्यावर उभी हाय मी."

आलं ते असं. वहिनींना साखर होती. आधी गोळ्या होत्या, मग डॉक्टरांनी इन्सुलिन लावलं. औषध महाग, जन्माचं, आणि थंड ठेवायचं. कंपनीचे मिळालेले पैसे एव्हाना संपत आले होते. मुलगा होता, दादू. घोडबंदरला पुलाच्या कामावर क्रेन चालवायचा, तिथेच गावात भाड्याने राहायचा, बायकोचे दिवस भरत आलेले. दर रविवारी मोटरसायकलवरून यायचा आणि येताना खाडीची कोळंबी आणायचा. बापाची थट्टा करायचा. "काय बुवा, आज किती भिकारी तयार केले?" बुवाही खूश व्हायचे.

"दादूला सांगा की औषधाचं," मी म्हणालो.

बुवांनी मान हलवली. "मुलाकडे मागणं आणि सरकारकडे मागणं, यात फरक आहे पांढरे. सरकारला सून नसते."

तेव्हा वृद्धांच्या निराधार पेन्शनचा अर्ज त्यांनी स्वतःसाठी केला. सगळ्या वस्तीला पात्र करून झाल्यावर. आणि एक दिवस त्यांच्याच घरचा फ्रिज आमच्याकडे आला. त्या दिवशी त्यांनी ते साधनेचं वाक्य म्हटलं नाही. नुसता प्लग काढला. फ्रिजच्या दारात वहिनींच्या इन्सुलिनची खोकी होती, ती हलू नयेत म्हणून वहिनी हात लावून फ्रिजबरोबर चालत आल्या, जशी पाठवणीला आई चालते.

तालीम जिन्याखाली झाली. मुलाबद्दल विचारलं तर सांगायचं: आहे, वेगळा राहतो, विचारत नाही. वहिनींनी हे म्हणायला साफ नकार दिला. "मी गप्प बसेन. तेवढं जमतं मला."

चौकशीचा माणूस आला तो दमलेला, सभ्य आणि घाईत. पाणी मागितलं. घर पाहिलं. भिंतीवर टीव्हीच्या जागी राहिलेला स्वच्छ चौकोन त्याने पाहिला आणि न पाहिल्यासारखं केलं. माणूस चांगला होता. फ्रिज सांभाळणारा म्हणून मी दारातच उभा होतो.

"मुलं?"

"आहे..." बुवा थांबले. त्यांना बरोबर कुठे थांबायचं ते कळायचं, पण या वेळी ते वेगळं थांबणं होतं. पुढचा प्रश्न त्यांना दिसला असणार: मग मुलाचा उत्पन्नाचा दाखला आणा. त्यांनी मान वर केली, खेळ्यांत गण म्हणताना करायचे तशी, आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "आहे तो देव. मूल नाही आम्हाला."

वहिनींच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. ट्यूबलाइटमागे पाल चुकचुकली. ती तिथे रोजच असते, रोजच चुकचुकते. पण त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. चौकशीच्या माणसानेही.

"बरं," तो म्हणाला. "मोबाइलवर फोटो घ्यायचा असतो, आज नेट नाहीये. परत येईन."

"कधी?"

"कधीही."

त्या 'कधीही'मुळे फ्रिज आमच्याकडेच राहिला. वहिनी दोन्ही वेळच्या जेवणाआधी येत, औषध काढत, आमच्याच मोरीत हात धुऊन टोचून घेत. मग आमच्याच फोनवरून दादूला फोन लावत. स्वतःच्या घरात त्या त्याचं नाव घेईनाशा झाल्या होत्या. तिथे तो नाही असं ठरलं होतं, मग नाव घेतलं तर वास्तू त्याला शोधायला निघेल, असा काहीसा हिशोब.

"रस्त्याने नीट ये रे. ट्रक असतात. बसने ये ना."

"आई, मी क्रेन चालवतो. ट्रक मला घाबरतात," पलीकडून दादूचं हसणं आम्हालाही ऐकू यायचं.

बुवांनी टेबलावर बसणं कमी केलं. बसले तरी बाहेर मोटरसायकलचा आवाज आला की उठून बघायचे. रविवारी दादू आला की त्याच्याकडे बघायचे नाहीत, फक्त त्याच्या हेल्मेटकडे बघायचे. मी तथास्तु वगैरे मानत नाही. पण रविवारी तो परत निघाला की मी गॅलरीत उभा राहायचो, एवढं खरं आहे.

मग एकदा साइट बंद होती म्हणून दादू रविवार नसताना, आडवारीच आला. कोळंबी घेऊन. दुपारी तो जेवायला बसला होता, पानात दुसरा भात पडला होता. वाढण्याच्या गडबडीत वहिनींना यायला जमलं नव्हतं, म्हणून मी त्यांचं इन्सुलिन घेऊन दारात गेलो, आणि तेवढ्यात जिना चढून चौकशीचा माणूस माझ्यामागे आला. या वेळी नेट होतं.

त्याने मोबाइल काढला, घरावरून फिरवला आणि जेवणाऱ्या माणसावर थांबवला. "हे कोण?"

आम्ही सगळे बुवांकडे पाहू लागलो. शिमग्यात गावोगावच्या अंगणात उभं राहून बोलणारा माणूस. नारदाला उत्तर देणारा, राक्षसाला उत्तर देणारा. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. दादू पानावर हात ठेवून बापाकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसूही होतं. बघू आता बुवा काय सोंग काढतात, असं.

बोलल्या त्या वहिनी. हातातली आमटीची पळी तशीच धरून, एका सुरात, जन्मभर बोलत आल्यासारख्या. "शेजारचा हाय. आई न्हाय त्याला, म्हणून जेवायला येतो."

दादूच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं. बापाचं सोंग त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, ते त्याने हसून घेतलं असतं. पण ही बाई खोटं बोलत नाही, हेही त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"तुम्ही जरा बाजूला व्हाल का?" चौकशीचा माणूस त्याला नम्रपणे म्हणाला. "फोटोत घरचेच लागतात."

दादू उठला. पान घेऊनच उठला आणि दाराशी माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बुवा आणि वहिनी त्या स्वच्छ चौकोनाखाली उभे राहिले. फोटो निघाला. निराधार वृद्धांचा याहून खरा फोटो कुणी काढला नसेल.

दादूने उभ्याने भात संपवला. हात धुतला. ताट घासायच्या जागी ठेवलं. चप्पल घातली.

"येतो काकू," तो म्हणाला.

सोंग सांभाळायला म्हणाला असेल. चौकशीचा माणूस तिथेच होता, तेव्हा दुसरं काय म्हणणार? असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. वहिनींनी मात्र त्या दिवशी औषध टोचून घेतलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. वहिनी आमच्याकडून फोन लावत. "कामात आहे," असं तो म्हणे. मग तेही म्हणेना, नुसती रिंग जाई. वहिनींची खात्री झाली की रस्त्यात काहीतरी झालं. मी मुद्दाम घोडबंदरला जाऊन पाहून आलो. क्रेन उभी होती, वर तो बसलेला होता, धडधाकट. मी खालून हात केला. त्यानेही हात केला, शेजारच्या माणसाला करतात तसा. त्याला मुलगी झाल्याचं आम्हाला, तो जिच्याकडून कोळंबी घ्यायचा त्या कोळिणीकडून कळलं.

क्रेनला काही झालं नाही, रस्त्याला काही झालं नाही, वास्तूने काहीच केलं नाही. जे झालं ते इतकं साधं होतं की त्याला उतारा काढता येत नव्हता. वहिनींनी नारळ ओवाळून पाहिला, तो वाया गेला.

बुवांनी टेबल उचललं नाही, पण त्यावर बसणंही सोडलं. कुणी विचारायला आलं तर "तलाठ्याला विचारा" म्हणत. एकदा मला म्हणाले, "पांढरे, एकदा बोललेलं मोजत नाही, असं मीच सांगायचो ना?" मी हो म्हटलं. "कुणी सांगितलं होतं मला ते?" त्यांनी विचारलं. मला काय माहीत. बहुतेक त्यांनीच बसवलं असावं, ऐन वेळी, नमनात ओळी बसवतात तसं.

पुढच्या शिमग्याच्या आधी, भर दुपारी, बुवा पाण्याचा पंप बंद करायला खाली गेले आणि त्या टेबलाला टेकून बसले. मग उठलेच नाहीत.

स्मशानात गुरुजींनी घाईने विचारलं, "मुलगा कोण?"

आम्ही इमारतीतली माणसं एकमेकांकडे बघू लागलो. मग मागून, गर्दीच्या कडेने, दादू पुढे आला. कधी आला होता ते कुणी पाहिलं नव्हतं. हेल्मेट हातातच होतं.

"शेजारचा आहे," तो म्हणाला. "चालेल?"

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा बुवांचाच होता. "चालतं," ते म्हणाले. "शास्त्रात सोय आहे." शास्त्राचे निकष सरकारपेक्षा सैल असतात. दाखलाही मागत नाहीत.

त्याने सगळं नीट केलं. मडकं खांद्यावर घेऊन फिरला, एकदाही चुकला नाही. बाहेर आल्यावर हेल्मेट घातलं, मला म्हणाला, "काकूंकडे बघा," आणि गेला. घरी आला नाही.

बारावं-तेरावं झाल्यावर वहिनींचा भाऊ त्यांना गावी घेऊन गेला. औषधाची खोकी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळली. "तिथं माठाखाली ठेवीन. गार राहतं," म्हणाल्या. निघताना उंबऱ्यावर थांबल्या, घरात पाहिलं, आणि काहीतरी बोलायला तोंड उघडून परत मिटलं. मग जिना उतरून गेल्या.

काही दिवसांनी चौकशीचा माणूस पुन्हा आला. बंद दार पाहून आमच्याकडे वळला. बुवांची पेन्शन मंजूर झाली होती. मी त्याला झालेलं सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं. पाणी प्यायला. मग म्हणाला, आजींना कळवा, आता विधवा म्हणून वेगळा अर्ज करता येईल. नवरा नाही, मूल नाही, उत्पन्न नाही. आता त्या सगळ्या निकषांत बसतात, काही अडचण येणार नाही.

मी कळवतो म्हणालो. जाताना त्याची नजर हॉलमधल्या दोन फ्रिजवर गेली, पण आमचं कार्ड पांढरं असल्यामुळे त्याने काही विचारलं नाही.

बुवांचा फ्रिज अजून आमच्याकडेच आहे. चालतो. दार मात्र नीट लागत नाही, त्याला खुर्ची लावून ठेवावी लागते.